हवाई छत्रीचा भरंवसा

चैत्र सरूं लागला कीं नांदेड जिल्ह्यांतील हिमायतनगरच्या शिवारांत बांधावरचीं रुईचीं बोंडें तडकूं लागतात. दुपारचा वारा सुटतो आणि त्या बोंडांतून पांढऱ्याशुभ्र म्हाताऱ्या एकामागून एक बाहेर पडून परमेश्वराच्या देवळाकडे तरंगत निघून जातात. मुलें त्यांच्यामागें धांवतात. एखादी हातीं लागली तर फुंकर मारून तिला पुन्हां वर सोडतात. या म्हातारीची रचना पाहिली तर ती एक हवाई छत्रीच आहे. खालीं चपटें तपकिरी बीं आणि माथ्यावर रेशमासारख्या तंतूंचा झुबका. न फुटलेलें बोंड अलगद उकललें, तर त्याहूनहि मोठें नवल दिसतें. माशाच्या खवल्यांप्रमाणें बिया एकीवर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येकीचे तंतू सरळ, एका दिशेला, दुसरीच्या तंतूंत न गुंततां मिटून ठेवलेले असतात. छत्री उघडायची तर आधीं घडी नीट पडलेली असावी लागते, हें निसर्गानें माणसाच्या कितीतरी आधीं साधलें होतें.

तथापि निसर्गाचा हिशेब आणि माणसाचा हिशेब यांत मोठें अंतर आहे. एका झाडावरून शेंकडों म्हाताऱ्या सुटतात. त्यांतील बहुतेक खडकावर, विहिरींत किंवा कोणाच्या ओसरीवर जाऊन पडतात. एखादी रुजली तरी रुईचा वंश चालतो. माणूस जेव्हां छत्री पाठीला बांधून आकाशांतून उडी घेतो, तेव्हां त्याला हा शेंकड्याचा हिशेब उपयोगी पडत नाहीं. त्याचा जीव एकच असतो. त्या छत्रीवर भरंवसा ठेवावा तो किती आणि कशाच्या बळावर, हा प्रश्न गेलीं सव्वादोनशें वर्षें माणूस सोडवीत आला आहे, आणि त्याचें उत्तर शोधतांना कित्येकांनीं प्राण वेंचले आहेत.

२२ ऑक्टोबर १७९७ रोजीं पॅरिस शहरीं आंद्रे गार्नेरिन हा फ्रेंच गृहस्थ बलूनमधून सुमारें तीन हजार फूट उंच गेला आणि बलूनशीं असलेली दोरी कापून रेशमी छत्रीच्या आधारें खालीं आला. छत्रीखालच्या टोपलींत तो उभा होता. ती टोपली घड्याळाच्या लंबकाप्रमाणें इकडून तिकडे इतकी हेलकावत होती, कीं पाहणारांचे श्वास कोंडले. छत्रींत कोंडलेली हवा एकदां या कडेनें, एकदां त्या कडेनें निसटत होती, हें त्याचें कारण. पुढें छत्रीच्या माथ्यावर एक भोंक ठेवण्यांत येऊं लागलें. हवेला मधोमध वाट मिळाली आणि हेलकावे कमी झाले. छत्रीच्या सुरक्षिततेचा हा पहिला मोठा धडा होय.

दुसरा धडा फार महाग पडला. रॉबर्ट कॉकिंग या इंग्रज चित्रकारानें हेलकावे टाळण्यासाठीं छत्री उलटी, म्हणजे टोंक खालीं व तोंड वर, अशी बनविली. कल्पनेंत तथ्य होतें. परंतु बांधणी नाजूक राहिली, आणि वजनाच्या आकडेमोडींत खुद्द छत्रीचें वजन धरावयाचें राहून गेलें. २४ जुलै १८३७ रोजीं वयाच्या ६१ व्या वर्षीं तो लंडनमधून बलूनखालीं लटकत वर गेला, सुमारें पांच हजार फुटांवर सुटला, आणि छत्री मोडून गतप्राण झाला. आधीं एखादें तेवढ्याच वजनाचें पोतें सोडून पाहिलें असतें, तर ही चूक पोत्यावर निभावली असती.

तिसरा धडा याहूनहि शोचनीय आहे. फ्रान्झ राइखेल्ट हा पॅरिसमधील शिंपी. वैमानिकाला अंगांत घालतां येईल असा छत्रीचा पोशाख त्यानें शिवला होता. पुतळ्यांवर केलेल्या चांचण्या फसल्या. त्यानें दोष कपड्याला न देतां उंचीला दिला. उंची कमी पडते म्हणून कापड फुलत नाहीं, असें त्याचें म्हणणें. ४ फेब्रुवारी १९१२ रोजीं तो आयफेल मनोऱ्याच्या पहिल्या मजल्यावर गेला. पोलिसांची समजूत होती कीं, तो पुतळा टाकणार. प्रत्यक्षांत त्यानें स्वतःच उडी घेतली. मित्रांनीं विनविलें, तरी त्यानें ऐकलें नाहीं. छत्री उघडलीच नाहीं. चांचणीनें दिलेला नकार जो मानीत नाहीं, त्याला अखेर जमीन तोच नकार देते.

हिंदुस्थानांत ही विद्या बलूनवाल्या साहेबांच्या खेळांतून आली. १८८९ सालीं पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रजानें येथें बलूनचे व छत्रीचे खेळ करून दाखविले. त्याच्याकडून धडे घेऊन रामचंद्र चटर्जी या बंगाली कसरतपटूनें २२ मार्च १८९० रोजीं कलकत्त्यास बलूनमधून छत्रीच्या साह्यानें उडी घेतली. आपल्या देशांतील माणसानें घेतलेली ही पहिली उडी.

या सर्व उड्यांत छत्री आधींपासून उघडी, अर्धवट उघडी किंवा बलूनला बांधलेली असे. माणूस मोकळा पडत असतां शुद्धीवर राहील आणि स्वतःच्या हातानें छत्री उघडील, यावर पुष्कळांचा विश्वास नव्हता. वेगानें पडतांना माणूस बेशुद्ध होतो, असा समज होता. २८ एप्रिल १९१९ रोजीं अमेरिकेंतील डेटनजवळ लेस्ली अर्विन यानें विमानांतून उडी घेतली, कांहीं क्षण मोकळा पडला, आणि मग मूठ ओढली. छत्री उघडली, जमिनीवर टेकतांना घोटा मात्र मोडला. पण या प्रयोगापूर्वीं त्या छत्रीच्या चांचण्या पुतळ्यांवर पुनःपुन्हां झालेल्या होत्या. अर्विनचें धाडस मोठें खरें. परंतु कॉकिंग आणि राइखेल्ट यांच्याहून तो अधिक धाडसी होता असें नव्हे. त्याच्या पाठीशीं चांचण्यांची रास होती, हा दोहोंतला फरक. पुढें छत्रीनें ज्यांचे प्राण वांचले, अशा वैमानिकांचें एक मंडळ निघालें. त्याला रेशमाच्या किड्यावरून सुरवंट मंडळ असें नांव पडलें. ज्याच्या कोशाच्या धाग्यानें जीव तगला, त्या किड्याची ती आठवण.

दुसऱ्या महायुद्धांत जपानकडून येणारें रेशीम बंद झालें आणि नायलॉनचें कापड पुढें आलें. त्याच युद्धांत, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर, भरंवशाचा प्रश्न एका अगदीं वेगळ्या रूपानें उभा राहिला. रस्ते नाहींत, पाऊस अखंड. सैन्याला अन्नपाणी व दारूगोळा पोंचवावयाचा तो आकाशांतूनच. छत्र्या पुरेनात. तेव्हां जनरल स्लिम यांनीं कलकत्त्याच्या ताग गिरण्यांना हांक दिली आणि तागाच्या कापडाची छत्री तयार करून घेतली. नेहमीच्या छत्रीला वीस पौंडांहून अधिक पडत. या तागाच्या छत्रीला पौंडाहून किंचित् अधिक. स्लिम यांनीं पुढें लिहून ठेवलें आहे कीं, उत्तमांतल्या उत्तम छत्रीच्या मानानें ती शेंकडा ८५ इतकी विश्वसनीय ठरली. तांदुळाच्या पोत्याला ८५ पुष्कळ झाले. उरलेलीं पंधरा पोतीं फुटलीं, तर भात थोडा कमी शिजतो. माणसें मात्र त्या छत्र्यांनीं उतरविलीं नाहींत. शेंकडा ८५ हा आकडा परीक्षेंत पहिल्या वर्गाचा असतो. आकाशांत तोच नापासाचा होतो.

आणि छत्री उघडली म्हणजे काम झालें, असेंहि नाहीं. मार्च १९४४ मध्यें मणिपुरांतील सांगशाकच्या टेंकडीवर ५० व्या हिंदी छत्रीधारी ब्रिगेडबरोबर मराठ्यांची ४/५ पलटण जपान्यांशीं झुंजत होती. टेंकडीवर पाण्याचा तुटवडा. घायाळांनीं खंदक भरलेले. विमानें वर येऊन माल टाकीत, छत्र्या फुलत, आणि डोळ्यांदेखत वाऱ्यानें वाहात जाऊन त्यांतला बराच माल शत्रूच्या हातीं पडे. मराठ्यांच्या ताब्यांतला जमिनीचा तुकडाच इतका लहान होता. उघडणें आणि नेमक्या ठिकाणीं उतरणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें त्या तहानलेल्या शिपायांनीं जसें जाणलें, तसें कोणी जाणलें नसेल.

हिंदी सैनिकांची पहिली उडी याच्या आधींच, १५ ऑक्टोबर १९४१ रोजीं, कराचीस झाली. डॉक्टर रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा सिंग हे ते पहिले दोघे. त्याच सालीं कानपूरला छत्र्यांचा सरकारी कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण १९५२ सालीं पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण बनली. ११ डिसेंबर १९७१ रोजीं सायंकाळच्या सुमारास याच पलटणीचे सैनिक आपल्या जोडीदार तुकड्यांसह, सातशेंहून अधिक संख्येनें, पूर्व बंगालमधील टांगाइलजवळ आकाशांतून उतरले. वाऱ्यानें पुष्कळजण पांगले, कांहीं तळ्यांत पडले. गांवकऱ्यांनीं धांवत येऊन त्यांना व त्यांच्या सामानाला हुडकून काढलें. पुंगलीचा पूल त्याच रात्रीं हातीं आला, आणि पांच दिवसांनीं ढाक्यांत शिरणाऱ्या पहिल्या फौजेंत ही पलटण होती.

या पराक्रमाच्या कथा सांगितल्या जातात. त्याच्या आधींचा अर्धा तास मात्र कोणी सांगत नाहीं. सैनिकाची मोठी छत्री पाठीवर आणि राखीव छत्री छातीवर असते. मोठीच्या घडीला जोडलेली दोरी विमानांतील तारेला अडकविलेली असते. माणूस बाहेर पडला कीं तीच छत्री ओढून काढते. म्हणून प्रत्येकानें आपली कडी तारेला नीट बसली कीं नाहीं हें पाहावयाचें, आणि आपली पाठ आपल्याला दिसत नाहीं म्हणून पुढच्याची पाठ मागच्यानें तपासावयाची. एवढें झाल्यावरच दार. बाहेर पडतांच तोंडानें सेकंद मोजावयाचे. ठराविक आंकडा संपेपर्यंत मान वर करून पाहिलें आणि छत्र भरलेलें दिसलें नाहीं, तर राखीव छत्रीला हात घालावयाचा. आग्र्याच्या शाळेंत नवशिक्या सैनिकाला पांच उड्या घ्याव्या लागतात, त्यांतली एक रात्रीची. परंतु त्याआधीं कित्येक दिवस तो जमिनीवर उडी मारणें, लोळण घेणें आणि मोजणें एवढेंच करीत असतो. भीति जाण्यासाठीं हा सराव नसतो. भीति असतांहि हात चुकूं नये, यासाठीं तो असतो.

लष्कराबाहेर, केवळ साहसासाठीं आकाशांतून उडी घेणारांत महाराष्ट्राचें नांव सर्वदूर नेलें तें पुण्याच्या शीतल महाजन यांनीं. १८ एप्रिल २००४ रोजीं, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षीं, त्यांनीं उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून २,४०० फुटांवरून उडी घेतली. थंडी शून्याखालीं ३७ अंश. आणि त्यापूर्वीं सरावाची एकहि उडी नव्हती. १५ डिसेंबर २००६ रोजीं दक्षिण ध्रुव झाला. २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं थायलंडांत त्यांनीं नऊवारी नेसून उडी घेतली, तेव्हां घरोघर कौतुक झालें. त्या नऊवारीमागची दक्षता थोड्यांनींच पाहिली असेल. सुटलेला एखादा पदर मूठ झांकून टाकील किंवा उघडत्या दोऱ्यांत गुंतेल, तर खेळ तेथेंच संपावयाचा. म्हणून आधीं लुगडें नेसावयाचें, आणि त्यावर पट्टे, छत्र्या, शिरस्त्राण हें सर्व चढवावयाचें. नोव्हेंबर २०२३ मध्यें त्यांनीं एव्हरेस्टसमोर २१,५०० फुटांवरून उडी घेतली आणि १७,४४४ फूट उंचीवर, कालापत्थर येथें त्या उतरल्या. तेथें हवा समुद्रसपाटीच्या मानानें निम्म्याहून थोडी अधिक, एवढीच दाट असते. हवा विरळ म्हणजे छत्रीला आधार कमी. तीच छत्री तेथें सुमारें तीस टक्के अधिक वेगानें जमिनीकडे येते. उंचीबरोबर हा हिशेब बदलतो, हें ज्याला ठाऊक नाहीं त्यानें तेथें जाऊं नये.

आजची खेळाडूंची छत्री जुन्या घुमटासारखी गोल नसते. डॉमिना जाल्बर्ट यांनीं १९६० नंतरच्या दशकांत शोधलेली ती चौकोनी, कप्प्याकप्प्यांची छत्री असते. पुढून उघड्या कप्प्यांत वारा भरला कीं तिला पक्ष्याच्या पंखाचा आकार येतो, आणि दोन दोऱ्यांनीं ती हवी तिकडे वळवितां येते. उघडतांना हिसका बसूं नये म्हणून दोऱ्यांवरून हळूहळू खालीं सरकणारा कापडाचा एक लहान चौकोन असतो. पाठीवर दोन छत्र्या असतात, एक नेहमीची व एक राखीव. नेहमीची बिघडली, दोऱ्या पिळल्या किंवा एखादी दोरी कापडावरून पलीकडे गेली, तर ती आधीं सोडून द्यावी लागते. नाहीं तर राखीव तिच्यांतच गुंतावयाची. हें सोडणें एका ओढीसरशीं व्हावें म्हणून बिल बूथ या अमेरिकन कारागिरानें १९७० नंतरच्या दशकांत एकांत एक अडकणाऱ्या तीन कड्यांची युक्ति काढली. मोठी कडी सर्व भार धरते, तिसऱ्या लहान कडीपर्यंत तो इतका उणावतो कीं दोऱ्याचा एक फांस तो पेलतो. तो फांस सुटला कीं सर्व सुटतें. १९९१ पासून सायप्रेस नांवाचें एक लहानसें यंत्रहि आलें आहे. सुमारें ७५० फुटांवर येऊनहि माणूस सेकंदाला ३५ मीटरांच्या वेगानें पडतच असेल, तर तें आपण होऊन राखीव छत्रीचा फांस कापतें. बेशुद्ध पडलेल्यालाहि त्यानें वांचविलें आहे.

एवढी साधनें झालीं, तेव्हां मृत्यु संपले असतील, असें वाटेल. ते पुष्कळ घटले, हें खरें. अमेरिकेंत १९७० ते ७९ या दशकांत दरसाल सरासरी चाळिसांहून अधिक माणसें या खेळांत मरत. २०२१ सालीं तेथें सुमारें ३५ लक्ष ७० हजार उड्या झाल्या आणि मृत्यु १०. परंतु उरलेल्या मृत्यूंची कारणें पाहूं गेल्यास मन थबकतें. त्यांतले पुष्कळजण छत्री बिघडल्यामुळें मेलेले नाहींत. छत्री पूर्ण उघडलेली, निर्दोष. आणि जमिनीजवळ येऊन ऐटींत वेगाचें वळण घेतल्यामुळें माणूस आदळलेला. वळणांत छत्री नाक खालीं करून झेपावते, आणि पुन्हां सरळ व्हायला तिला उंची लागते. ती उंची उरलेली नसते. दुसरे कांहीं असे, कीं बिघडलेली छत्री आतां सुधारेल, मग सुधारेल म्हणून झटत राहिले. मोकळा पडणारा माणूस हजार फूट सहा सेकंदांच्या आंत ओलांडतो. म्हणून तेथील संघटनेनें मर्यादा आंखून दिली आहे: शिकाऊ माणसानें २,५०० फुटांवर आणि अनुभवी माणसानें १,८०० फुटांवर निर्णय केलाच पाहिजे, त्याच्या खालीं विचार नाहीं. निर्णय जमिनीवर असतांनाच करून ठेवावयाचा, वर फक्त तो पाळावयाचा.

आतां पुन्हां घडीकडे येऊं. राखीव छत्री सहसा वापरली जात नाहीं. शेंकडों उड्या होतात आणि ती पिशवींतच असते. तरीहि अमेरिकेचा कायदा सांगतो कीं, दर १८० दिवसांनीं परवानाधारक कारागिरानें ती उघडून, तपासून, पुन्हां घडी घालून मोहोरबंद केली पाहिजे. रेशमासारख्या नैसर्गिक धाग्याची असेल, तर दर ६० दिवसांनीं. मराठवाड्यांतल्या वडीलधाऱ्या बायकांना यांत नवें कांहीं वाटणार नाहीं. पेटींतली पैठणी वर्षानुवर्षें नेसली गेली नाहीं, तरी त्या ती अधूनमधून बाहेर काढतात, घडी मोडून दुसऱ्या बाजूनें घालतात, मलमलींत गुंडाळून ठेवतात आणि उन्हांत मुळींच ठेवीत नाहींत. न वापरलेलें वस्त्र घडीवर विरतें, हें त्यांना पक्कें ठाऊक असतें. नायलॉनलाहि ऊन सोसत नाहीं. फरक एवढाच कीं, पैठणी विरली तर डोळ्यांतून पाणी येतें, आणि छत्री विरली तर पाणी दुसऱ्यांच्या डोळ्यांत येतें.

अमेरिकन सैन्यांत छत्र्यांची घडी घालणाऱ्या कारागिरांवर एक दंडक आहे. आपण घडी घातलेली कोणतीहि छत्री पाठीला बांधून केव्हांहि उडी घेण्याची त्याची तयारी असली पाहिजे. भरंवशाची याहून सरळ कसोटी दुसरी नसेल. आकाशांत उडी घेणाराचें चित्र वर्तमानपत्रांत छापून येतें. लांब टेबलावर वांकून एकेक दोरी मोजणाराचें येत नाहीं. परंतु उडी घेणाराचें धाडस त्या दुसऱ्या माणसाच्या बोटांवर उभें असतें.

ऐकणाऱ्या घरांपैकीं फार थोड्या घरांतून कोणी आकाशांत उडी घ्यायला जाईल. परंतु प्रत्येक घरांत न वापरलेली एखादी राखीव छत्री असतेच. ती कोठें गॅसच्या शेगडीची नळी असते, कोठें कुकरची झडप, कोठें दुचाकीच्या खुंटीवर धूळ खात लोंबणारें शिरस्त्राण. गरज पडत नाहीं, म्हणून तिच्याकडे कोणी पाहात नाहीं. आणि गरज पडते त्या दिवशीं पाहायला वेळ नसतो. सहा महिन्यांतून एकदां ती उघडून पाहावी, एवढेंच या विद्येचें गृहस्थाला सांगणें आहे.

हिमायतनगरच्या बांधावर पुढच्या चैत्रांत पुन्हां बोंडें तडकतील आणि मुलें पुन्हां म्हाताऱ्यांमागें धांवतील. एखाद्या आजोबांनीं त्या वेळीं एक न फुटलेलें बोंड उकलून मुलांना आंतली ती घडी दाखवावी. तरंगणारी म्हातारी सर्वांना दिसते. घडी दाखवावी लागते.